स्पीकरमधला हम कसा घालवायचा: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होम थिएटर, जुना अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर किंवा घरी जोडलेला ४४४० चा (या नंबरच्या ध्वनी वाढवणाऱ्या आयसीचा) सेट, काहीही असो, तक्रार एकच असते: गाणं बंद केलं तरी स्पीकर बोलतोय. फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही, पण प्रश्न २ आणि प्रश्न ५ कुणीही टाळू नये.

१. सतत "घूं" येतं, यालाच हम म्हणतात का? घर्र, किर्र हे आवाज वेगळे का?

आपली वीज ५० हर्ट्झची. ती ध्वनीच्या वाटेत कुठूनतरी शिरते आणि स्पीकर ती वाजवतो. शिरायची जागा बदलली की आवाजाची जात बदलते.

गोल, खोल, छातीत जाणवणारं "घूं" साधारण ५० हर्ट्झचं असतं. ते ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरजवळच्या तारेतून, तुटलेल्या शिल्डमधून (केबलमधल्या तारेभोवतीचं जाळीचं आवरण) नाहीतर ग्राउंड लूपमधून (प्रश्न ४) येतं. त्याच्या बरोबर एक सप्तक वरचं, १०० हर्ट्झचं "हूं" बहुधा अ‍ॅम्पच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधलं असतं, कारण ब्रिजमधून (एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडांतून) गेलेली वीज सेकंदाला १०० वेळा उसळते. पेटी वाजवणाऱ्यांना सोपी खूण: १०० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढा सूर. कान तयार नसेल तर मोबाइलवर कुठलंही फुकटचं स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप टाका आणि मोबाइल वूफरजवळ धरा. लहान स्पीकरला ५० हर्ट्झ पेलत नाही, तिथे १०० आणि १५० चीच टोकं दिसतील. तेवढ्यावरून घाईने निकाल देऊ नका.

कर्कश "घर्र" म्हणजे रेग्युलेटर, डिमर, एलईडी बल्ब (प्रश्न १४). बारीक "किर्र" किंवा शिट्टी म्हणजे चार्जर आणि ब्लूटूथ पॅनल (प्रश्न ९ आणि १३).

२. सुरुवात कुठून करू? दुकानदार म्हणतो केबल बदला, मेकॅनिक म्हणतो कंडेन्सर बदला.

आधी काहीच बदलू नका. एकेक गोष्ट काढत जा, आवाज कुठे थांबतो ते सापडेल. एकूण वीस मिनिटांचं काम आहे.

अ‍ॅम्प बंद करा. मागच्या सगळ्या पिना काढा: लाल-पांढऱ्या, एचडीएमआय, यूएसबी, सगळ्या. फक्त स्पीकरच्या तारा आणि मेनचा प्लग ठेवा. आता सुरू करा.

हम तसाच असेल तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा घराच्या विजेत आहे. अ‍ॅम्प शेजारच्या खोलीतल्या नाहीतर दुसऱ्या घरातल्या प्लगवर लावून बघा. तिथेही तेच असेल तर प्रश्न ११ आणि १२ कडे जा.

हम गेला असेल तर अ‍ॅम्प निर्दोष आहे. एकेक केबल परत लावा, प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करून. ज्या केबलीला हम परतला तिचं दुसरं टोक ज्या उपकरणात आहे तिथून सुटं करा आणि केबल नुसती लोंबकळत ठेवा. लोंबकळणारी केबल थोडी गुणगुणतेच, त्यावर विश्वास ठेवू नये. म्हणून एक जुनी लाल-पांढरी पिन घ्या, आतली मधली सळई आणि बाहेरचं कडं तारेच्या तुकड्याने जोडा आणि ही "शॉर्ट पिन" अ‍ॅम्पच्या इनपुटला लावा. शॉर्ट पिन लावून शांतता असेल आणि उपकरण जोडल्यावर हम येत असेल तर तो लूप आहे (प्रश्न ४). ही पिन फक्त इनपुटला लावायची. आउटपुटला किंवा स्पीकरच्या टर्मिनलला लावलीत तर अ‍ॅम्प जळेल.

३. व्हॉल्यूम वाढवला की हम वाढतो. शेजाऱ्यांच्या सेटमध्ये मात्र व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढाच येतो. फरक काय?

व्हॉल्यूमबरोबर हम हलत असेल तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरलाय: केबल, सोर्स, फोनो भाग (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल मोठा करणारा). हलत नसेल तर नंतर शिरलाय: पॉवर सप्लाय किंवा आउटपुटचा भाग. अपवाद एकच. हल्लीच्या बऱ्याच एव्ही रिसिव्हरमध्ये आणि सबवूफरमध्ये व्हॉल्यूम डिजिटल असतो, तिथे ही खूण फसते. अशा वेळी प्रश्न २ मधली पद्धतच खरी.

४. टीव्ही एकटा चांगला, अ‍ॅम्प एकटा चांगला. दोघांना जोडलं की हम. असं कसं?

याला ग्राउंड लूप म्हणतात. येणाऱ्या तक्रारींमध्ये हीच जात सगळ्यात जास्त.

टीव्हीचा प्लग एका भिंतीत, अ‍ॅम्पचा दुसऱ्या भिंतीत. दोन्हींच्या अर्थच्या तारा आत कुठेतरी बोर्डापाशी एकत्र येतात. वरून तुम्ही दोघांच्या मध्ये ऑडिओ केबल टाकली, तिचं शिल्डही दोन्ही बॉडींना जोडलेलं. झालं वर्तुळ पूर्ण. घरातल्या मोटरी आणि बरेच चार्जर अर्थच्या तारेत थोडी वीज गळत ठेवतात, त्यामुळे दोन प्लगांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. हा फरक केबलच्या शिल्डमधून वाहतो. शिल्ड हीच ध्वनीचीही परतीची तार असल्यामुळे अ‍ॅम्पला तो संगीताचाच भाग वाटतो.

इलाज स्वस्तापासून महागाकडे असा. पहिला: सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. बोर्ड तीन पिनांचा आणि खरोखर अर्थ जोडलेला हवा. काही स्वस्त बोर्डांत अर्थचं भोक फक्त शोभेला असतं. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, अ‍ॅम्प मिळून ६ अँपिअरच्या आत सहज बसतात. निम्म्या घरांत प्रश्न इथेच मिटतो. दुसरा: टीव्हीतून ऑप्टिकल केबल काढा. तिच्यातून उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे लूप तुटतो. एचडीएमआयच्या एआरसीने (त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज परत आणायची सोय) तुटत नाही, तीत तांब्याची तार आहे. तिसरा: आयसोलेटर (प्रश्न १७).

५. तीन पिनेच्या प्लगची मोठी पिन काढली आणि हम एकदम गेला. असंच वापरलं तर चालेल ना?

नाही.

हम गेला कारण लूप तुटला. पण अ‍ॅम्पच्या पत्र्याला फेज कधी चिकटला तर त्याला जमिनीत जायची वाट आता फक्त तुमच्या हातातून आहे. त्यातही हा अ‍ॅम्प ऑडिओ केबलने टीव्हीला, डिशला आणि गच्चीवरच्या लोखंडाला जोडलेला असतो, म्हणजे करंट कुठल्या खोलीत निघेल याचा नेम नाही. मोठी पिन मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा. पिन काढणं, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळणं, टू-पिन कन्व्हर्टर घालणं हे तिन्ही एकच. तपासणीपुरतंसुद्धा नको. लूप तोडायचा तो ऑडिओच्या तारेत, अर्थच्या तारेत नाही.

कारखान्यातूनच दोन पिनांचा आलेला आणि पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असलेला सेट वेगळा. त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं, अर्थ लागतच नाही. अशा सेटचा प्लग उलटा फिरवून लावून बघा. कधीकधी गुणगुण निम्म्यावर येते.

६. घरात अर्थिंग आहे की नाही हे कसं कळणार? टेस्टर तर फक्त फेज दाखवतो.

मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर ठेवा आणि प्लगच्या भोकांत तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ १ ते ३ व्होल्ट: ठीक. न्यूट्रल-अर्थ ५ च्या वर जात असेल तर वायरमनला दाखवा. फेज-अर्थ मध्येच कुठेतरी, ९०-१५० असं भरकटत असेल तर अर्थची तार तुटलेली आहे, किंवा मुळात नव्हतीच.

घरात पंखे, फ्रिज चालू असताना न्यूट्रल-अर्थ नेमकं ०.० दिसलं तर खूश होऊ नका. अर्थ नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडायचा जुगाड जुन्या वाड्यांत आढळतो. हमचं कारण तोच असतो, आणि न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या डब्यात २३० व्होल्ट येतात.

होल्डरला दिवा लावून फेज-अर्थमध्ये पेटवायची जुनी पद्धत घरच्यांनी करू नये. अर्थ तुटलेला असेल तर त्या दिव्यातूनच फेज सगळ्या बॉडींवर पसरतो. ते काम वायरमनचं.

७. पावसाळ्यात हम नसतो, एप्रिल-मेमध्ये सुरू होतो. उन्हाळ्याचा काय संबंध?

आहे, आणि दुहेरी आहे. आपली काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते, वाळली की भेगाळते आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. तिच्याखाली बेसाल्टचा कातळ, तो तर कोरडाच. पावसाळ्यात ३-४ ओहम रोध असलेला अर्थिंगचा खड्डा मेमध्ये कितीतरी पट चढू शकतो. त्याच सुमारास घरोघरी कूलर लागतात. ओली मोटर, ओला पंप, लोखंडी बॉडी, म्हणजे अर्थमध्ये गळती वाढली. गळती वाढली आणि जमीन ती घेत नाही, मग ती केबलच्या शिल्डमधून वाट शोधते.

आधी कूलरचा प्लग काढून बघा. हम गेला, किंवा कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष कूलरमध्ये आहे. पंपाची वायर किंवा मोटरचं वाइंडिंग तपासून घ्या. मग खड्ड्याकडे वळा. अर्थिंगचा पाइप साधारण अडीच मीटर खोल असतो आणि वर पाणी ओतायला नरसाळं. बऱ्याच घरांत ते फरशीखाली गाडलेलं सापडतं. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात खड्ड्याला पाणी घाला हे सांगणं जिवावर येतं, पण कूलरचं बदललेलं पाणी तिथे ओतायला हरकत नाही. आठवड्याला दोन बादल्या पुरतात. तरी फरक नसेल तर वायरमनकडून खड्ड्याचा रोध मोजून घ्या. ५ ओहमच्या आत हवा.

८. सेट टॉप बॉक्स जोडला की हम. एक्स्टेंशन बोर्ड एकच केला, तरी तसाच.

मग चोर भिंतीतल्या प्लगात नाही, केबलवाल्याच्या काळ्या तारेत आहे. ती तार खांबावर, गच्चीवर किंवा शेजारच्या इमारतीत अर्थला टेकलेली असते, म्हणजे तुमच्या घरात दुसऱ्याच जमिनीचा अर्थ येतो. सगळं बंद करून बॉक्सच्या मागची ती फिरकीची पिन सोडवा आणि पुन्हा सुरू करा. हम गेला तर नक्की झालं. आभाळात विजा असताना हे करू नका.

केबल टीव्ही असेल तर त्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल पुढे देऊन तारांचा थेट संबंध तोडणारा छोटा जोड) बसवा. फारशी कटकट न करता काम होतं.

डिश असेल तर थांबा. डिशच्या टोकावरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातं. साधा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर डीसी अडवतो आणि चित्रच जातं. डिशवाल्यांनी बॉक्स ते अ‍ॅम्प हा ऑडिओचा रस्ता तोडावा: ऑप्टिकल असेल तर उत्तम, नसेल तर प्रश्न १७. शिवाय डिशचा खांब गच्चीच्या कठड्याच्या सळईला टेकलाय का तेही बघा.

९. लॅपटॉपवरून गाणी लावली की किर्र येतं, चार्जर काढला की गप्प.

तीन पिनांचा चार्जर असेल तर हा प्रश्न ४ चाच लूप, फक्त चार्जरची शिट्टी त्यात मिसळलेली. अ‍ॅम्प आणि चार्जर एकाच बोर्डावर घ्या. तेवढ्याने न भागल्यास ३.५ एमएमचा आयसोलेटर हमखास चालतो. दोन पिनांचा चार्जर असेल तर त्याच्या आतल्या छोट्या कंडेन्सरमधून लॅपटॉपच्या बॉडीवर गळती येते, पत्र्यावर बोट फिरवलं की खरखरीत लागतं ते तेच. तिथे प्लग उलटा करून बघा. गाणी बॅटरीवर ऐकणं हाही इलाजच, फुकटचा.

१०. पिनेला किंवा अ‍ॅम्पच्या पत्र्याला बोट लावलं की हम कमी होतो. कधी उलट वाढतो.

पत्र्याला किंवा पिनेच्या बाहेरच्या कड्याला हात लावून कमी होत असेल तर त्या बॉडीला अर्थ नाही, किंवा शिल्ड कुठेतरी सुटलंय. तुमचं शरीर ती उणीव भरून काढतंय. केबल बदलून बघा, मग प्रश्न ६. मधल्या सळईला बोट लावल्यावर मोठ्याने घूं होणं हे सर्वस्वी स्वाभाविक आहे, तो बिघाड नाही. केबल हलवली की हम येतो-जातो, तेव्हा पिनेतला सोल्डर सुका आहे: पिन कापा, दोन सेंटिमीटर मागून तार सोला, नवी पिन लावा. पत्र्याला हात लावून झिणझिण्या आल्या तर प्रयोग तिथेच थांबवा.

११. वीस वर्षांचा अ‍ॅम्प आहे. हम हळूहळू वाढत गेला. सगळ्या पिना काढल्या तरी येतो.

मेन फिल्टर कंडेन्सर (पॉवर सप्लायमधली उसळती वीज सपाट करणारा) वाळलाय. हा आवाज १०० हर्ट्झचा असतो आणि व्हॉल्यूमला दाद देत नाही. झाकण उघडल्यावर कंडेन्सरचं डोकं फुगलेलं, नाहीतर बुडाशी तपकिरी चिकट डाग दिसेल. काही वेळा वरून अगदी ठणठणीत दिसतो. मग त्याला समांतर तेवढ्याच क्षमतेचा नवा लावून हम जातो का हे मेकॅनिक तपासू शकतो. आवाज १०० ऐवजी ५० चा असेल तर ब्रिजमधला एक डायोड ओपन झालाय, त्यातून वीज जातच नाही.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच किंवा दीडपट, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि तापमान १०५ अंशांचं. ८५ अंशांचा स्वस्त मिळतो, पण असले कंडेन्सर १० अंश कमी तापले की साधारण दुप्पट जगतात, आणि इथे मेमध्ये खोलीच चाळिशी गाठते, डब्याच्या आत विचारू नका. अ‍ॅम्पवर सेट टॉप बॉक्स ठेवायची सवय सोडा. वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी.

प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेला राहतो. १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर चिमट्याने धरून दोन्ही टोकांवर अर्धा मिनिट ठेवा (४७०० मायक्रोफॅरड उतरायला २४ सेकंद लागतात), मग मीटरने २ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे पुष्कळ आहेत, त्यात बोर्डाच्या पट्ट्या उडतात. व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा अ‍ॅम्प असेल तर आत शेकडो व्होल्ट डीसी असतं, ते जाणकाराकडेच न्या.

१२. घरी ४४४० चा बोर्ड आणि १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडून सेट केला. सुरू केल्यापासूनच घूं.

या सेटमध्ये चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, फिल्टर छोटा. सप्लाय किती व्होल्टने उसळेल याचा हिशेब सोपा आहे: लागणारे अँपिअर भागिले (१०० गुणिले फॅरड). १ अँपिअरला १००० मायक्रोफॅरड लावला तर उत्तर १० व्होल्ट येतं, म्हणजे १५-१६ व्होल्टचा सप्लाय पार कोलमडतो. ४७०० ला २.१ व्होल्ट, १०,००० ला १ व्होल्ट. ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट ही किमान पायरी. त्याच्यापुढे १ एन ४००७ डायोड लावू नका, ते १ अँपिअरचेच. ६ अँपिअरचे डायोड किंवा तयार ब्रिज घ्या.

दुसरी, ग्राउंडची वाटणी. ब्रिजचं मायनस आधी थेट कंडेन्सरच्या मायनसवर यायला हवं. बोर्डाचं मायनस आणि स्पीकरची परतीची तार दोन्ही तिथूनच घ्या. इनपुटच्या शिल्डचं टोक मात्र बोर्डावरच्या इनपुटच्या ग्राउंडलाच. ट्रान्सफॉर्मरची उसळती वीज आणि इनपुटचा नाजूक सिग्नल एकाच तारेतून परतला की कितीही मोठा कंडेन्सर लावा, हम राहणार. हा दोष सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात उशिरा कळतो.

तिसरी, व्हॉल्यूम कंट्रोलपर्यंत साधी तार. शिल्डवाली टाका, आणि पॉटची (व्हॉल्यूम कंट्रोलची) धातूची बॉडी ग्राउंडला जोडा. बॉडीवर सोल्डर धरत नसेल तर आधी कानशीने खरवडा.

चौथी, ट्रान्सफॉर्मर इनपुटला चिकटून. किमान १५ सेंटिमीटर लांब न्या. जागाच नसेल तर स्क्रू ढिले करून तो जागच्या जागी ९० अंशांत फिरवत जा. एका कोनात हम ठळकपणे उतरतो, तिथे आवळा. एसीच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्या.

डबा पत्र्याचा असेल तर रंग खरवडून मेनचा अर्थ त्याला स्क्रूने घट्ट जोडा आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (मेनकडच्या बाजूला) फ्यूज घाला.

१३. त्याच सेटला ब्लूटूथ-यूएसबीचं पॅनल लावलंय. गाणं थांबलं की किर्र-टुक-टुक येतं.

पॅनल आणि अ‍ॅम्प एकाच सप्लायवर आहेत, पॅनलच्या प्रोसेसरची लुडबुड ग्राउंडमधून अ‍ॅम्पमध्ये जाते. खात्री करायची तर पॅनलला पॉवर बँकेवरून ५ व्होल्ट द्या. गप्प झालं तर पॅनलच्या सप्लायमध्ये बी ०५०५ एस नावाचा छोटा आयसोलेटेड मॉड्यूल घाला. तो १ वॉटचा, म्हणजे २०० मिलिअँपिअरचा. पॅनलवर रंगीत डिस्प्ले किंवा पेन ड्राइव्ह असेल तर अपुरा पडतो, तेव्हा ऑडिओत आयसोलेटर घाला. गावात मिळाला नाही तर पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा किंवा ऑनलाइन मागवा.

१४. पंखा चालू केला की घर्र, पाचवर गेला की बंद. आणि गणपतीत तर दहा दिवस घर्र चालूच.

पंख्याचा गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला रेग्युलेटर प्रत्येक अर्ध्या लाटेत वीज मध्येच तोडतो आणि त्या तोडीच्या ठिणग्या तारांवरून पसरतात. पूर्ण वेगावर तोड नसते, म्हणून शांतता. पायऱ्यांचा, आत कंडेन्सर असलेला रेग्युलेटर बसवा, घर्र मुळापासून जाते. रोषणाईच्या माळांचे कंट्रोलर आणि स्वस्त एलईडी बल्ब याच जातीचे. स्वतःच्या घरातले बदलता येतात. मंडळाच्या मांडवातले बदलता येत नाहीत. त्या दहा दिवसांत ऑडिओच्या तारा मेनच्या तारांपासून हातभर लांब ठेवा, आणि जिथे ओलांडाव्याच लागतील तिथे काटकोनात ओलांडा.

१५. लाइट गेली, इन्व्हर्टर लागला की अ‍ॅम्प घुमायला लागतो.

इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. त्या लाटेत ५० बरोबर १५०, २५०, ३५० हर्ट्झही भरलेले असतात, ट्रान्सफॉर्मर आणि पंखे दोन्ही त्याने कण्हतात. बाहेरून फिल्टर लावून उपयोग होत नाही. पुढच्या वेळी साइन वेव्हचा घ्या. साइन वेव्हवरही हम असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनला अर्थ नेलेलाच नाही, हे बहुतेक वेळा निघतं: प्रश्न ६ ची मापं इन्व्हर्टरवर असताना पुन्हा घ्या.

१६. पूर्व भागात राहतो, खालच्या मजल्यावर माग आहेत. माग सुरू झाले की स्पीकर घुमतो. ऑडिओसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा काढू का?

एकटा, वेगळा खड्डा काढू नका. दोन खड्डे एकमेकांना जोडलेले नसतील तर त्यांच्यातच व्होल्टेज राहतं, लूप आणखी मोठा होतो आणि वीज कोसळली तर तो फरक तुमच्या अ‍ॅम्पमधून जातो. नवा खड्डा काढलाच तर तो जाड तारेने जुन्याला जोडलेला हवा.

मागांच्या मोटरींची गळती सामाईक अर्थच्या तारेतून जाते, म्हणून तारेच्या प्रत्येक टप्प्यावर व्होल्टेज निराळं. मुख्य अर्थच्या पट्टीपासून ऑडिओच्या बोर्डापर्यंत एक स्वतंत्र हिरवी तार आणा, मध्ये कुठेही न जोडता, आणि सगळी उपकरणं त्या एका बोर्डावर घ्या. सगळ्यांचं व्होल्टेज मिळून वर-खाली झालं तर कुणालाच फरक कळत नाही.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांनी आधी सुई उचलून बघावं. सुई वर घेताच घूं थांबली तर ती विजेची नाही. मागाची थरथर जमिनीतून टेबलावर आणि टेबलावरून सुईत येते. प्लेअर भिंतीतल्या फळीवर बसवा.

१७. ग्राउंड लूप आयसोलेटर घेऊ का? स्वस्त आणि महाग यात फरक काय?

प्रश्न २ करून लूपच आहे हे ठरलं असेल तरच. आत प्रत्येक चॅनेलला एक, असे ६०० ला ६०० ओहमचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ध्वनी चुंबकातून पलीकडे जातो, तारांचा संबंध तुटतो. स्वस्तातल्यांचा गाभा इवलासा असतो, तो खालच्या सुरांना दमतो: पखवाज, डग्गा, ढोल पोकळ वाटू लागतात. बातम्या-मालिकांना स्वस्त चालतो. गाण्यासाठी हातात जड लागणारा घ्या. स्पीकरच्या तारेत आणि रेकॉर्ड प्लेअरच्या फोनो तारेत तो कधीच लावायचा नाही.

१८. रेकॉर्ड प्लेअरला हम आहे, बाकी सगळं शांत.

रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट: चारशे पटींचा फरक. वर फोनोचा भाग खालचे सूर मुद्दाम उचलतो, ५० हर्ट्झला मधल्या सुरांच्या सातपट. त्यामुळे बाकीच्यांना जो हम कळत नाही तो इथे गर्जतो.

क्रमाने बघा. लाल-पांढऱ्या पिनांसोबत येणारी बारीक सुटी तार अ‍ॅम्पच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावलीय का? नव्वद टक्के घोळ तिथेच. काही प्लेअरमध्ये ग्राउंड आतूनच जोडलेलं असतं, तिथे ती तार लावल्यावर उलट हम येतो, म्हणून दोन्ही प्रकारे करून बघा. प्लेअरमध्येच प्रीअ‍ॅम्प असेल तर मागचा स्विच लाइनवर आणि केबल साध्या इनपुटला. फोनोला फोनो जोडलं की हम आणि फाटका आवाज दोन्ही मिळतात. मग अ‍ॅम्प सुरू ठेवून आर्म हाताने हवेत फिरवा. मधोमध नेताना हम वाढत असेल तर मोटर किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर सुईला छळतोय. प्लेअर अ‍ॅम्पपासून दूर सरकवा. अंतर दुप्पट केलं की चुंबकाचा त्रास जवळपास आठपट उतरतो. एकाच बाजूला हम असेल तर कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) मागचे चार बारीक जोड बघा: पांढरा-निळा डावीकडचे, लाल-हिरवा उजवीकडचे. चिमट्याने अलगद दाबा, ओढू नका.

१९. फक्त सबवूफर घुमतो.

सबवूफरचा स्वतःचा प्लग दुसऱ्या कोपऱ्यात आणि पाच मीटरची केबल, म्हणजे प्रश्न ४. त्याला अ‍ॅम्पच्याच बोर्डावरून वीज द्या. केबल काढूनही घुमत असेल तर त्याच्या आतला कंडेन्सर गेलाय, प्रश्न ११.

२०. आवाज स्पीकरमधून नाही, अ‍ॅम्पच्या डब्यातूनच येतो.

तो ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा कंप आहे, केबल बदलून जाणार नाही. बसवलेले स्क्रू आवळा, खाली रबराचे वायसर द्या. गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर अधूनमधूनच घुमत असेल तर घरात कुणी हेअर ड्रायर अर्ध्या जोरावर वापरतंय का बघा. काही ड्रायर अर्ध्या जोराला लाटेची एकच बाजू घेतात आणि टोरॉइडला ते अजिबात सोसत नाही.

२१. सोन्याचा मुलामा असलेली महाग केबल घेतली तर हम जाईल का?

लूपचा हम जाणार नाही. जुन्या केबलचं शिल्ड तुटलं असेल तर जाईल, पण मग दोनशे रुपयांच्या चांगल्या शिल्डेड केबलनेही गेला असता.

२२. सगळं केलं. स्पीकरला कान लावला तर अजून थोडं ऐकू येतं. हे राहणारच का?

कान जाळीला लावून ऐकू येतं आणि हातभर मागे गेल्यावर नाही, तर काम झालं. रात्री पंखा बंद करून, तुमच्या नेहमीच्या बसायच्या जागेवरून, व्हॉल्यूम नेहमीइतका ठेवून आणि गाणं न लावता तपासा. तिथून ऐकू येत असेल तर प्रश्न २ पासून पुन्हा, या वेळी घरातले सगळे एमसीबी खाली करून फक्त ऑडिओच्या लाइनचा एकच वर ठेवा आणि एकेक चढवत जा.